एका अंथरुणातले शत्रू: वसईचे दोन तह

2019 चा नोव्हेंबर आठवतोय? शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र आले आणि इंग्लिश चॅनलवाले सारखे एकच वाक्य म्हणत होते: पॉलिटिक्स मेक्स स्ट्रेंज बेडफेलोज.

बेडफेलो म्हणजे एका अंथरुणात झोपणारे. या कल्पनेचं मूळ शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये सापडतं. वादळात सापडलेला विदूषक आडोसा म्हणून एका विचित्र प्राण्याच्या अंगरख्याखाली शिरतो. तिथे कारण आहे संकट. त्याच्या जागी 'राजकारण' हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला. आपल्याकडे 'अडला हरी' आहेच, पण त्यात हरी पाय धरतो आणि काम झालं की सुटतो. इंग्रजी वाक्प्रचारात रात्र सोबत काढायची असते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजून घ्यायला वसईसारखी जागा नाही.

पहिला तह 1534 चा. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहला हुमायूनची धास्ती होती. पोर्तुगीज तर त्याचे जुने वैरी, 1531 मध्ये त्यांनी दीववर हल्ला केलेला. तरी 23 डिसेंबर 1534 ला त्याने वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना देऊन टाकला. पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. गंमत बघा, हुमायून 1536 मध्ये गुजरात सोडून गेला. ज्याच्या भीतीने तह केला, तो गेला. ज्याला मदतीला बोलावलं, तो राहिला. 1537 मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाहच मारला गेला. वसईत पोर्तुगीज 1739 पर्यंत होते, म्हणजे 205 वर्षं!

दुसरा तह शाळेत एका ओळीत उरकतात, त्याचा मला राग आहे. बाजीराव दुसरा भित्रा होता, विषय संपला. पण भीती कुठून आली? 1801 मध्ये त्याने यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला. महाड, सुवर्णदुर्ग करत समुद्रमार्गे डिसेंबरात वसईला पोचला.

आणि गाठलं कोणाला? इंग्रजांना. याच इंग्रजांनी 1780 मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांकडून जिंकला होता, तो सालबाईच्या तहाने परत मिळाला. म्हणजे जेमतेम बावीस वर्षांपूर्वी तोफा डागणारे आता पाहुण्याची सोय बघत होते.

31 डिसेंबर 1802 ला (हो, थर्टीफर्स्टलाच!) सह्या झाल्या. कंपनीची किमान 6000 पायदळाची फौज पेशव्याच्या मुलखात कायमची राहणार, तिच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचा युरोपियन माणूस नोकरीत ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनीचा. आणि इतर कुठल्याही सत्तेशी बोलण्याआधी कंपनीला विचारायचं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. सर्व्हर डाऊन आहे, म्हणून तुम्ही बाहेरच्या कंपनीला ॲडमिन ॲक्सेस दिलात. सर्व्हर चालू झाला, पण पासवर्ड बदलायचा अधिकार तुमच्याकडे उरला नाही. फौजेचा आकडा पाठ करू नका मंडळी, शेवटचं कलम लक्षात ठेवा. खरी किंमत तिथे आहे.

मे 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने बाजीरावाला पुण्यात परत बसवलं. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तह मान्य नव्हता. सप्टेंबरमध्ये असईला त्याच वेलस्लीने त्यांचा पराभव केला. होळकर त्या वेळी बाजूला राहिले आणि 1804 मध्ये एकटेच लढले. ज्या तिघांनी एकमेकांशी जुळवून घ्यायला हवं होतं, ते एका अंथरुणात कधी आलेच नाहीत.

बाजीरावाने 1817 मध्ये या सोबत्याविरुद्ध बंड केलं. जून 1818 मध्ये तो माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाख पेन्शन, मुक्काम कानपूरजवळ बिठूर. तिथे तो 1851 पर्यंत जगला.

पुढच्या भागात चिमाजी अप्पा आणि 1739 चा वेढा. विरार लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज वाढवून ठेवा!