दादाचे बूट, कॉलेजचा बास्केटबॉल आणि अर्धा ग्लास बिअर



इंदूरच्या मराठी घरांत खेळाचा विषय निघाला की गाडी होळकर संघावरच येऊन थांबते. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चार वेळा जिंकलेला रणजी करंडक. रास्त आहे, अभिमान वाटावा असंच ते आहे. पण मी आज दुसऱ्या खेळाबद्दल लिहिणार आहे, आणि त्याच्याबरोबर अशा एका पेयाबद्दल, ज्याचं नाव आपल्या घरांत हळू आवाजात घेतात. नाकं मुरडू नका, शेवटपर्यंत वाचा. यात माझी स्वतःची एक जुनी नोंद आहे, जी मी पंचावन्न वर्षं खात्यावर दाखवली नव्हती.

आम्ही सांवेरचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंदूर-उज्जैन रस्त्यावर, इंदूरहून तीसेक किलोमीटरवर तहसिलीचं गाव. उलट्या हनुमानाचं सांवेर म्हटलं की लोकांना लगेच कळतं. वडील, म्हणजे आमचे नाना, शाळामास्तर. माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. १९६४ साली तो इंदूरला कॉलेजात गेला. त्याच वर्षी इंदूर विद्यापीठ सुरू झालं, जे आज देवी अहिल्या विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. त्याआधी इंदूरची कॉलेजं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाकडे होती, आणि त्याच्याही आधी आग्र्याकडे.

दादा रामबागेत एका नातेवाइकांकडे खोली घेऊन राहायचा. सहा फुटाला दोन बोटं कमी. उंचीमुळे कुणीतरी त्याला बास्केटबॉलच्या मैदानावर ओढलं आणि तो तिथलाच झाला. मैदान म्हणजे काय, मुरुमाची जमीन, चुन्याच्या रेघा, दोन लाकडी फळ्या आणि जाळी नसलेली लोखंडी कडी. चेंडू कडीतून गेला की नाही यावर निम्मी भांडणं. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, ते दादा दर रविवारी खडू लावून पांढरे करायचा.

हा खेळ आपल्याकडे कसा आला तेही सांगतो. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो काढला. मूळचा तो कॅनडाचा. हिवाळ्यात पोरांना घरात काय खेळवायचं, म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. वाय.एम.सी.ए.वाल्यांनी तो जगभर नेला. १९२० साली मद्रासला त्यांचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं आणि तिथून शिकून निघालेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभरच्या शाळा-कॉलेजांत पोचवला. मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाऊस आहे, ते उभारलं अमेरिकन मराठी मिशनने. होय, नावातच मराठी! त्या वस्तीने पुढे देशाला एकाहून एक बास्केटबॉलपटू दिले. नागपाड्याचे अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे आपल्या मंडळींना हा खेळ परका वाटत असला तरी आपल्या दाराशी तो फार पूर्वीच येऊन बसला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. १९६७ चा हिवाळा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा शेवटचा सामना. मी अकरावीत. नानांची परवानगी काढून बसने इंदूरला गेलो. सामना संध्याकाळचा, मैदानाभोवती पोरं दाटीवाटीने उभी. शेवटच्या मिनिटाला दादाला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले आणि त्यांचा संघ एका गुणाने जिंकला. मी इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता.

रात्री एका मित्राच्या खोलीवर सगळे जमले. कुणीतरी बिअरच्या चार बाटल्या आणल्या होत्या. बर्फ नाही, काही नाही, कोमट. नऊ जणांत चार बाटल्या, स्टीलच्या पेल्यांतून. मला गोटीसोडा. कचोऱ्या होत्या, गाणी झाली, कुणी झिंगलं नाही, कुणी भांडलं नाही. दादाने अर्धा पेला घेतला आणि तोंड वाकडं केलं, एवढं मला स्वच्छ आठवतं.

दुसऱ्या दिवशी रात्री पानावर बसलो असताना नानांनी सहज विचारलं, "काय रे, काय काय पाहिलंस?" आणि मी, सतरा वर्षांचा शहाणा, सगळं सांगून बसलो. फ्री थ्रो सांगितले, गर्दी सांगितली आणि त्याच ओघात बिअरही सांगितली. चुगली करायची म्हणून नाही. मोठ्यांच्यात बसून आलो ही शेखी मिरवायची होती. आईचा हात वाढता वाढता थांबला, तेव्हा कुठे कळलं आपण काय बोललो.

नाना ओरडले नाहीत. पुढच्या रविवारी दादा आला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "खेळ पुरे झाला." बूट आईने भांडीवालीला देऊन टाकले. दादाने उलट शब्द काढला नाही. परीक्षा दिली, तहसिलीतच नोकरी धरली, आणि त्यानंतर चेंडूला हात लावला नाही. गावात पोरांनी कडी लावली तेव्हासुद्धा तो त्या बाजूने जायचा नाही.

नानांनाही मी दोष देणार नाही. आमचे धाकटे काका कलालीवर बसूनच संपले. काकूंचे दागिने, मागोमाग चार बिघे जमीन, सगळं त्या वाटेने गेलं. नानांना बिअर आणि मोहाची यांत फरक दिसत नव्हता आणि दिसावा तरी कसा? त्यांनी जे पाहिलं होतं ते घरातच पाहिलं होतं. आमच्यासारखी किती घरं असतील मंडळी, जिथे एका माणसाच्या व्यसनाने पुढच्या दोन पिढ्यांचे नियम लिहिले!

तिकडे महाराष्ट्रात तर कायदाच होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. आमचे पुण्या-मुंबईचे नातेवाईक 'परमिट'च्या गोष्टी सांगायचे, प्यायचं तर तब्येतीच्या कारणाचा कागद हवा. नियम पुढे सैल झाले, पण बारच्या पाटीवर 'परमिट रूम' हे शब्द आजही आहेत. चोरून करण्याची सवय मात्र लागली ती लागलीच. बँकेत ३८ वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला कळली. जी रक्कम वहीत दाखवता येत नाही, तिचा हिशेबही कुणी ठेवत नाही. पिण्याचंही तसंच झालं. कधी, किती, कुणाबरोबर, हे बोलायचंच नाही, मग मर्यादा कोण घालणार?

आणि त्याच महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची छोटी ब्रुअरी निघाली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. जागेवरच थोडी थोडी बिअर गाळायची आणि ताजी द्यायची. जवाचा माल्ट, हॉप्सच्या वेलीची फुलं, यीस्ट आणि पाणी, एवढाच मसाला. नावाची गंमत ऐका. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी जाणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि कंटाळ्याने, तापाने भ्रमिष्ट व्हायचे. देवळालीचा उच्चार झाला 'डूलाली', आणि इंग्रजीत तो शब्द डोकं फिरलेल्या माणसासाठी रूढ झाला. आपल्या गावाचं नाव असं जगभर फिरून पुण्यात बिअरच्या पाटीवर परत आलं.

हे सगळं मला कळलं २०२२ साली, तेही सातासमुद्रापार. मुलगी आणि जावई नॉर्थ कॅरोलायनात असतात, रॅलीजवळच्या केरी गावात. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे गेलो. मार्च लागला तशी नात एक मोठा तक्ता घेऊन बसली. कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा तक्ता, कोण कोणाला हरवणार ते आधीच भरायचं. १९३९ साली आठ संघांनी सुरू झालेली ही स्पर्धा २०२२ साली ६८ संघांची होती. नातीने विचारलं, "आजोबा, सामने किती?" मी म्हटलं, ६७. दर सामन्यात एक संघ बाद होतो, ६७ बाद झाले की एक उरतो. बी.कॉम. कामाला आलं.

तिथे दोन विद्यापीठं आहेत, डरॅमचं ड्यूक आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना. अंतर सोळाएक किलोमीटर, सांवेर-उज्जैनपेक्षाही कमी. वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकाच घरात सासू एका बाजूची, सून दुसऱ्या. ही दोन्ही कॉलेजं या राष्ट्रीय स्पर्धेत कधीच समोरासमोर आली नव्हती. ती पहिल्यांदा भिडली २ एप्रिल २०२२ ला, उपांत्य फेरीत, न्यू ऑर्लिन्सला. त्यातून ड्यूकचे प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की ४२ मोसमांनंतर निवृत्त होत होते. हरले तर तोच शेवटचा सामना. आणि तारीख पाहा, त्या दिवशी गुढीपाडवा होता! सकाळी आम्ही गुढी उभारली, सांवेरहून नेलेल्या साखरेच्या गाठी बांधल्या, श्रीखंड-पुरी झाली. संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, सामना घरी नको, चला माझ्याबरोबर."

नेलं कुठे, तर बिअर गाळतात त्या ठिकाणी. मी दारातच घुटमळलो. आत पाहतो तर आजीबाई विणकाम घेऊन बसलेल्या, पोरं रंगकाम करताहेत, एक कुत्रा टेबलाखाली झोपलेला, काचेपलीकडे स्टीलची मोठी पिंपं, आणि भिंतीभर पडद्यावर सामना. जावयांनी सांगितलं की या राज्याने १९०८ सालीच जनमत घेऊन दारूबंदी केली होती, अख्ख्या देशात ती १९२० साली आली. ती उठल्यावरही इथे सहा टक्क्यांहून कडक बिअर विकायला मनाई होती. लोकांनी खटपट करून २००५ मध्ये ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली, आणि मग गावोगाव अशा छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या. म्हणजे यांच्याकडेही नाना होऊन गेले होते तर!

"थोडी घेणार का, बाबा? नको असेल तर लिंबू सोडा आहे." आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अर्धा ग्लास. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बायको, मुलगी, जावई आणि नातीच्या समोर मी अर्धा ग्लास बिअर प्यायलो. कडवट होती, संत्र्याच्या सालीसारखा वास होता. आवडली म्हणा. दुसरी मागितली नाही.

सामना काय झाला म्हणून सांगू! आघाडी सारखी इकडून तिकडे. पाऊण मिनिट उरलं असताना नॉर्थ कॅरोलायना एका गुणाने पुढे, आणि ड्यूकच्या उंच पोराला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. मग केलेब लव्हने लांबून तीन गुणांचा चेंडू टाकला आणि ८१-७७ ने ड्यूक हरलं. सगळं दुकान उभं राहिलं. मी मात्र त्या दोन फ्री थ्रोंवरच अडकलो होतो.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा, सांवेरला रविवारी सकाळचे नऊ. दादा तेव्हा शहात्तर वर्षांचा. मी सामना सांगत सुटलो. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, "दोन्ही सोडले? उंच पोरं गुडघे वाकवत नाहीत रे." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून खेळाचं हे पहिलं वाक्य. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तेव्हा नानांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आईने त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

मी गप्प. थोड्या वेळाने तोच बोलला, "नाना चुकले नव्हते. काकाचं घर मी पाहिलं होतं, मी पुन्हा घेतलीही नसती. पण बूट द्यायला नको होते."

मंडळी, मला जे लिहायचं होतं ते एवढंच. आपल्या पिढीने पेल्याच्या भीतीने चेंडूही फेकून दिला. दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आपण एकाच खात्यात टाकल्या. दारूची बाजू मी घेत नाहीये. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणची दारूची दुकानं बंद झाली. एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला इंदूर, आणि मध्ये आमचं सांवेर. कोणी काय प्यावं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण घरात उघड बोलून ठरवावं. आणि पोरं खेळत असतील तर त्यांचे बूट कुणाला देऊन टाकू नका. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. तिच्याही घरी कधीतरी कुणी 'खेळ पुरे' म्हणू शकलं असतं.

परत आल्यावर मी दादाला रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला घेऊन गेलो. पोरं सराव करत होती. तो तासभर बाकावर बसला, काही बोलला नाही. निघताना एका लांबोळक्या पोराला म्हणाला, "बेटा, घुटने मोड़ो."

साठ-सत्तरच्या दशकात इंदूर-उज्जैनच्या कॉलेजांतून बास्केटबॉल खेळलेले कोणी इथे असतील, किंवा घरात जुने संघाचे फोटो, प्रमाणपत्रं असतील, तर जरूर टाका. होळकर संघाचा इतिहास लिहिला गेला. या पोरांचा कुणीच लिहिला नाही. दादाला चष्मा लावून फोटो बघायला आवडतात.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, सांवेर