नवघरचा फ्रान्सिस

मुंबईकराला ‘झेवियर्स’ म्हटलं की धोबीतलावाजवळचं कॉलेज आठवतं. जेझुइट पाद्र्यांनी ते १८६९ साली सुरू केलं. कोलकात्याचं त्याच्याही आधीचं, १८६० सालचं. पार अमेरिकेत, सिनसिनाटीला आणि न्यू ऑर्लिन्सला, याच नावाची विद्यापीठं आहेत.

मी इतिहास शिकवायचो तेव्हा मुलं विचारायची, “सर, झेवियर म्हणजे काय?” मंडळी, गंमत अशी की हे मुळात माणसाचं नावच नव्हे! स्पेनमधल्या नव्हारा प्रांतात हाविएर नावाची गढी आहे. बास्क भाषेतला मूळ अर्थ ‘नवं घर’. आपण नवघर म्हणू. १५०६ साली फ्रान्सिस तिथे जन्मला. वडिलांचं आडनाव वेगळं. पोराला चिकटलं ते आईकडून आलेल्या या गढीचं नाव. १५१२ मध्ये नव्हारा कास्तीलच्या ताब्यात गेलं आणि १५१६ मध्ये गढीचे बुरूज पाडले गेले. तेव्हा हा दहा वर्षांचा. बुरूज पडले, नाव मात्र जगभर गेलं.

१५४२ मध्ये ते गोव्यात आलं. फ्रान्सिसची रुग्णसेवा पुष्कळ सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. पण १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्याने गोव्यासाठी इन्क्विझिशनही मागितलं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, ते आलं. मी वर्गात दोन्ही सांगत असे.

असो. धोबीतलावच्या त्याच कॉलेजात १९२६ साली फादर हेरास या स्पॅनिश जेझुइटाने भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था काढली.