मुलांची आमसभा : सेवाग्रामातील एक विसरलेला प्रयोग

१९३७ मध्ये गोंडपिपरीचा परिसर चांदा जिल्ह्यात आणि चांदा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. जंगलपट्टीतील बहुतेक प्रौढ त्या अटींत बसतच नव्हते. याच जिल्ह्यातील अहेरीची जमीनदारी तर ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरली होती. प्रांताचा कायदा तेथे लागू करायचा की नाही, हे गव्हर्नर ठरवी.

त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचा अहवाल आज आठवतो तो बहुधा टकळीमुळे. वस्तुतः त्यात नागरिकत्वाचे स्वतंत्र विवेचन आहे. येऊ घातलेल्या लोकशाहीत नव्या पिढीला आपले प्रश्न, हक्क आणि कर्तव्ये समजून घेण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे समितीचे म्हणणे होते.

सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ते आचरणात आणले. नयी तालीमच्या तेथील निवासी शाळेत विद्यार्थ्यांची आमसभा असे. ती आपल्यातूनच मंत्री निवडी : कोणी स्वयंपाकाचा, कोणी सफाईचा, कोणी आरोग्याचा. धान्य किती लागेल, ठरलेल्या खर्चात सकस आहार कसा बसेल, याचा हिशेब मुलेच मांडत आणि मंत्र्याला आपल्या कामाचा जाब सभेपुढे द्यावा लागे. त्यातही सफाईचे खाते विशेष महत्त्वाचे. गावात जे काम जन्मामुळे एकाच जातीच्या गळ्यात पडे, ते येथे पाळीने सर्वांच्या वाट्याला येई. संडास-सफाईही त्यातून सुटलेली नव्हती. सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात १९५१-५२ साली झाली. त्यापूर्वीच ही मुले मत देत होती, आणि दिल्यावर जाबही विचारत होती!

पुढे बुनियादी शिक्षण सरकारी योजनेत शिरले, तेव्हा टकळी शाळोशाळी पोहोचली. आमसभा बव्हंशी मागेच राहिली. त्याचे कारण उघड आहे. सूत मोजता येते, तपासणी अधिकाऱ्याला दाखवता येते. मुलाने भर सभेत विचारलेला प्रश्न कोणत्या रकान्यात भरायचा?

२६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन अनिवार्य झाले. गोंडपिपरी तालुक्यातील शाळाही त्यात आल्या. त्याच शाळांत शिजणाऱ्या पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब मात्र मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत असतो.