परतणारें रक्त

खंडित झालेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला, म्हणजे संकट टळलें असें वाटतें. इतिहास मात्र निराळें सांगतो. लंडनच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेलीं कांहीं माणसें पुढें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनीं १९४१ सालीं तें वृत्त प्रसिद्ध केलें. चेंगरलेल्या स्नायूंतील घातक द्रव्यें परतलेल्या रक्ताबरोबर शरीरभर पसरत होतीं. परतणारा प्राणवायूही उपाशी स्नायूला इजा करतो, हें पुढें कळलें. रक्ताविना स्नायू उबेंत सुमारें सहा तासच तग धरतो, थंडाव्यांत अधिक. २०१४ सालीं घाटकोपर स्थानकावर लोकलखालीं दोन्ही हात गमावलेल्या तरुणीसाठीं २०२० सालीं दात्याचे हात चेन्नईहून विमानानें आणून परळच्या रुग्णालयांत जोडले, तेव्हां टांक्यांइतकीच घड्याळाची व थंडाव्याचीही परीक्षा होती.