मचव्याची फळी

गेली बावीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवतो. मराठ्यांच्या आरमाराचा धडा आला की मला घंटेचे भान राहत नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढे तेथील खाडीकाठी गलबते बांधली जाऊ लागली, येथून आरंभ करून मी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापर्यंत येऊन पोहोचतो. १७१५ सालच्या त्या ग्रंथात राज्यकारभाराच्या पुष्कळ गोष्टी आहेत. मुलांना मी सांगतो ती झाडांची.

आरमार म्हटले की फळ्या, सोट, डोलकाठ्या हे सारे आले. त्यासाठी राज्यातील अरण्यांतून सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत आणि कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, असे अमात्य सांगतात. आंबा आणि फणस हेही आरमाराच्या कामाचे. पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करावे, पैसे द्यावेत आणि त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी सर्वथा करू नये.

हे मी वर्गात मोठ्या आवाजात सांगत आलो. गेल्या वर्षीच्या वैशाखात मात्र तो धडा माझ्याच मागीलदारी येऊन उभा राहिला.

आमचे गाव वाघोटन खाडीच्या काठी. खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग, आणि गिर्ये गावाजवळ खडकात कोरलेली मराठ्यांची जुनी गोदी. आमच्या शेजारचे तांडेल गाबित समाजातले; त्यांचे पूर्वज याच आरमारात होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा एक सागवानी मचवा आहे. पावसाळ्यापूर्वी तो वर ओढला, तेव्हा मी सहज पाहायला गेलो. तांडेल डेकवर बसून एक जुना गालिचा उपसून काढत होते.

मचव्यावर गालिचा! मला हसू आले. तांडेल हसले नाहीत. ओल्या फळ्यांवर जाळे ओढताना पाय सटकतो, म्हणून त्यांच्या मुलाने कुठल्याशा मंगल कार्यालयातून टाकून दिलेला गालिचा आणून डेकवर चिकटवला होता. दोन पावसाळे त्याखाली पाणी मुरत राहिले. गालिच्याबरोबर फळीचा चुराही निघाला. तांडेलांनी बोट दाबले, ते लाकडात गेले.

तेव्हा मला एक नवी गोष्ट कळली. समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजू देत नाही, कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. खालून लाकूड पोखरणारा किडा आणि वरून पाऊस, असे मचव्याचे दोन वैरी. तळाला राखायला दरवर्षी हात फिरतो. डेककडे कोणाचे लक्ष जात नाही. या मचव्याचा पठाण आणि नाळ अजून खणखणीत होती. वरचा डेक तेवढा मेला होता.

दुसऱ्या दिवशी तांडेल आमच्या पडवीत आले. सागाचा भाव ऐकून आले होते.

"मास्तरानू, मागीलदारचो फणस माका होयो."

मी चटकन 'न्या' म्हणणार होतो. सातबारा माझ्या नावावर, शेजार तीन पिढ्यांचा. शिवाय दिलदार होण्याची संधी माणसाला वारंवार मिळत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. फणस आजोबांनी लावलेला. पण सून म्हणून घरात आल्यावर विहिरीचे पाणी घालून तो जगवला आईने. झाडाचा धनी कोण, हे मी वर्गात कधी विचारलेच नव्हते.

आई बाहेर आली. तिने तांडेलांकडून मचव्याची सारी हकीकत ऐकून घेतली आणि त्यांना मागीलदारी नेले. बुंध्यापासून फणसाचे दोन सोट. एक दरवर्षी लगडतो. दुसरा विहिरीकडे कललेला, बरीच वर्षे फळ न धरलेला.

"फळता ता रवांदे," ती म्हणाली. "आडवा गेलला ता ने."

१९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंब्याबरोबर फणसही आहे. तेव्हा रीतसर परवानगी काढून मगच सोट उतरला. तांडेलांनी पैसे पुढे केले. मी नको नको म्हणत असताना आईने ते घेतले आणि मोजलेही. मला ओशाळवाणे वाटले. रात्री मी तसे बोललो, तर ती म्हणाली, "माझो उपकार तेच्यार नको, आणि तेचो माझ्यार नको."

त्या रात्री मी आज्ञापत्रातला तो भाग पुन्हा काढून वाचला. इतकी वर्षे मी तो झाडांवरील मायेचा उतारा म्हणून शिकवला. माया त्यात आहेच. पण तिच्या शेजारी 'पैसे द्यावेत' हेही आहे, आणि त्यावरून मी नेहमी घाईने पुढे जात असे. तोफा ज्याच्या हाती, त्यानेही फणसाच्या धन्यासमोर गिऱ्हाईक म्हणून उभे राहायचे, असा तो नियम आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येते. उपकार मागणाऱ्या सत्तेला नाही म्हणणे कठीण.

१७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले. वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या. आग लागली आणि किल्ल्याखालची आंग्र्यांची गलबते जळून गेली. कित्येक पिढ्यांनी वाढवलेले लाकूड पाहता पाहता राख झाले. अमात्यांचा कागद तेवढा उरला.

फणसाच्या फळ्या वर्षभर आमच्याच पडवीत, मध्ये पट्ट्या घालून, वाळत पडल्या होत्या. ओले लाकूड ठोकले तर आकसून सांधे उघडतात. यंदा सुताराने त्या बसवल्या, तेलात-राळेत भिजवलेला कापूस सांध्यांत ठोकला. नारळी पौर्णिमेला आई खाडीवर आली. पिवळ्या फळ्यांवरून तिने हात फिरवला आणि तांडेलांच्या मुलाला एवढेच विचारले, "आता वर काय घालतलंस?"

"काय नाय, काकी," तो म्हणाला. "रंगात वाळू मिसळतंय. पाय सटकाचो नाय."