भाजल्याचे जुने वण आणि पुण्यातील एक नाक

१/ भाजल्याचा जुना वण पूर्णपणे नाहीसा करता येतो का? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. वण सपाट करता येतो, सैल करता येतो, किंवा एका जागेचा वण मिटवण्यासाठी दुसऱ्या, कमी जाचणाऱ्या जागी नवा वण पत्करता येतो. या देवघेवीचा एक सविस्तर लेखी पुरावा अठराव्या शतकाअखेरच्या पुण्यातला आहे. तो भाजल्याचा नसून नाकाचा आहे. परंतु तत्त्व तेच.

२/ तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०-९२) कंपनीच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. नाव पारशी वाटते, पण इंग्रजी वृत्तांत त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला.

३/ सुमारे बारा महिने तो नाकावाचून वावरला. जखम तोपर्यंत केव्हाच भरून आली होती आणि उरला होता तो जुना वण. अखेर पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. वृत्तांतात या कारागिराची जात विटा पाडणाऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत कुंभाराची, दिली आहे. त्याचे नाव मात्र दिलेले नाही. रुग्णाचे नाव, साक्षीदार डॉक्टरांची नावे, सारे आहे. ज्याने हात चालवला तो तेवढा अनामिक.

४/ थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात 'बी. एल.' एवढ्याच सहीने त्याविषयीचे पत्र छापून आले. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचेही चित्र काढले होते.

५/ क्रिया अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागेवर बसवून आकार घ्यायचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा व त्याभोवती रेघ आखायची. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी अर्धी फिरवून खाली आणायची व नाकाच्या जागी बसवायची.

६/ यातील दोन बारकावे महत्त्वाचे आहेत. पहिला, ती अरुंद पट्टी. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून नव्या जागी रुजेपर्यंत कातडी जिवंत राहते. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती कापली जाई. दुसरा बारकावा सहसा कोणी सांगत नाही: नवी कातडी बसवण्याआधी कारागीर जुना वण तासून काढी. वण हा मिटलेला दरवाजा आहे. त्यावर काही रुजत नाही. आधी तो पुन्हा ओला, रक्ताळलेला करावा लागतो.

७/ जोड धरण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात, होय, विड्यातलाच कात, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून एकावर एक पाच-सहा थर लावत. चार दिवस दुसरे काही नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे.

८/ आणि कपाळ? पत्रलेखक म्हणतो की काळ गेल्यावर कपाळावरचा वण फारसा डोळ्यांत भरत नाही. म्हणजे वण गेला नाही. तो नाकावरून कपाळावर गेला. कावसजीला हा सौदा मान्य होता आणि कोणालाही तो का मान्य असावा हे उघड आहे.

९/ ही विद्या पुण्यात अचानक उगवली नव्हती. सुश्रुतसंहितेत पानाचे माप घेऊन गालाच्या कातडीने नाक जोडण्याची रीत आहे. पुण्याची रीत कपाळाची. त्याच ग्रंथात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत, तसेच व्रणाचे साठ उपक्रमही. त्यांत 'कृष्णकर्म' व 'पाण्डुकर्म' आहेत, म्हणजे पांढऱ्या पडलेल्या वणाला काळसर करणे आणि काळ्या पडलेल्याला उजळणे. खोल वण वर आणणे, उंच वण खाली बसवणे, गेलेले केस पुन्हा उगवणे यांचेही उपक्रम आहेत. आजची मलमांची जाहिरात याहून वेगळे काय सांगते?

१०/ लंडनच्या जोसेफ कार्प्यूने पुण्याचा हा वृत्तांत आधार धरून प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया केली. १८१६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. युरोपात पुढे ही पद्धत 'भारतीय पद्धत' म्हणून रूढ झाली.

११/ भाजलेल्यांपर्यंत हे ज्ञान कसे पोहोचले? भाजल्याचा जुना वण केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. तो आकसतो. हनुवटी छातीला ओढली जाते, काख उघडत नाही, बोटे तळहाताकडे वळतात, पापणी मिटत नाही. पेटलेल्या स्टोव्हपाशी पदर पेटलेल्या कित्येक बायकांनी अशी मान आयुष्यभर वागवली.

१२/ एकोणिसाव्या शतकात दुसरी वाट सापडली: कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे लावणे. पॅरिसला रेव्हर्दाँने १८६९ मध्ये कातडीचे बारीक ठिपके लावले, थिएर्शने १८७४ मध्ये पातळ पापुद्रे वापरले. ग्लासगोच्या वुल्फने १८७५ मध्ये वणाने ओढल्या गेलेल्या पापणीसाठी बाहूची पूर्ण जाडीची कातडी घेतली. या तुकड्याला स्वतःचे रक्त नसते. तो खालच्या ओल्या जागेवर जगतो आणि जितका पातळ, तितका पुढे आकसतो. कपाळाची कातडी रक्त बरोबर घेऊन येते, म्हणून ती मऊ राहते. मानेचा वण सोडवताना सर्जन आजही याच दोहोंतली निवड करतात.

१३/ दोरीसारखा ताणलेला अरुंद वण असेल, तर 'झेड-प्लास्टी'. वणावर इंग्रजी झेड अक्षरासारखा छेद देऊन दोन त्रिकोण सोडवायचे आणि त्यांच्या जागा बदलायच्या. साठ अंशांच्या कोनात लांबी हिशेबाने सुमारे ७५ टक्के वाढते. कातडी शेजारचीच, रक्त चालू. कुंभाराची युक्तीच, पण लहान मापात.

१४/ महाराष्ट्रात या शाखेला घर मिळाले ते नागपूरला. १९५८ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातील अशा विभागांत तो पहिला मानला जातो.

१५/ शस्त्राविना उपायही पुढे आले. ताज्या, फुगीर वणावर घट्ट दाबाचे कपडे व सिलिकॉनच्या पट्ट्या. कठीण, खाजऱ्या वणात स्टिरॉइडची इंजेक्शने. जुन्या वणाचा खरखरीतपणा व ताठरपणा कमी करण्यासाठी लेझर. वण पक्व व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी अधिक लागते, म्हणून सर्जन सहसा थांबतात. पापणी किंवा मान ओढली जात असेल, तर मात्र थांबत नाहीत. आणि अनेक वर्षांच्या वणावर न भरणारी जखम झाली, तर तिचा तुकडा तपासावाच लागतो; अशा जागी कर्करोग होऊ शकतो.

१६/ मांडीची कातडी मानेला लावली की मांडीवर चौकोनी वण राहतो, आणि तो साडीखाली झाकला जातो. कावसजीला ही सोय नव्हती. कपाळावरचा वण घेऊन, कंपनीचे निवृत्तिवेतन घेत, तो पुढे जगला.