बेगड आणि रोगण : लांकडी चित्रांवरील सोनेरी कांतीचा विचार

वऱ्हाडांत महालक्ष्म्यांच्या आराशीपुढें मांडावयाचीं लांकडी चित्रें, देवघरांतील मखरें, किंवा पोथ्यांच्या रंगीत फळ्या हातीं आल्या, म्हणजे त्यांवरील सोनेरी झळाळी पुष्कळ संग्राहक वर्खाची समजतात. आणि तींत सोनें नाहीं असें कळतांच ती वस्तु ‘बेगडी’ म्हणून बाजूस सारतात. बेगड म्हणजे मूळ कथिलाचा पातळ पत्रा. पण त्यावरून निघालेलें विशेषण खोटेपणाचें वाचक झालें. या शब्दानें एका जुन्या हस्तकौशल्यावर अन्याय केला आहे, असें आमचें मत आहे.

अस्सल सोन्याची कृति कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथांत चित्रकर्माच्या प्रकरणीं आली आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. सोन्याचें चूर्ण वाटून धुवावें, बंधकद्रव्यांत कालवून लावावें, व वाळल्यावर वराहाच्या सुळ्यानें घोटावें, असा तिचा सारांश आहे. येथें पिंवळेपणा व तेज हीं दोन्हीं धातूचींच.

दुसऱ्या कृतींत या दोन गुणांची वांटणी होते. तेज कथिलाचें व पिंवळेपणा रोगणाचा. कथिलाची पूड सरसांत कालवून लावितात व दगडानें घोटितात. म्हणजे चांदीसारखें पांढरें तेज येतें. कर्नाटकांत कोप्पळजवळ किन्नाळ येथील चित्रगारांत कथिलकामाची ही रीत ‘लाजवारा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. अशा तेजावर पिंवळें, पारदर्शक रोगण दिलें, कीं उजेड त्यांतून आंत जातो, धातूवरून परततो व सोनेरी होऊन डोळ्यांस पोंचतो. तेलंगणांतील निर्मल येथील नक्काश लोक वनस्पतींचा रस आटवून सोनेरी रंग साधीत, तोहि याच जातीचा विचार होय. युरोपांत बाराव्या शतकाच्या आरंभीं थिओफिलस यानेंहि कथिलाच्या पत्र्यास सोन्याची कांती देण्याची कृति लिहून ठेविली आहे. चांदी हवेनें काळवंडते, कथील बहुधा तसें होत नाहीं. म्हणून त्याची निवड केवळ स्वस्ताईची नव्हे.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा धडा उघड आहे. अशा वस्तूवरील पिंवळें पूट हा मळ नव्हे. वस्तूचें सोनें तेंच. लाखेचें रोगण मद्यार्कांत विरघळतें, क्षारांतहि विरघळतें. लाख व टांकणखार यांची शाई ज्यांनीं पोथ्यांत पाहिली आहे, त्यांस हें निराळें सांगणें नको. तेव्हां सोड्याच्या पाण्यानें किंवा स्पिरिटानें पुसलेलें चित्र क्षणांत पांढरें पडतें व पुन्हां मूळपदावर येत नाहीं.

परीक्षेस भिंग पुरे. नाक, गुडघे, कंगोरे अशा झिजलेल्या जागा पाहाव्या. तेथें पांढरें तेज दिसलें तर कथील, काळसर डाग दिसले तर बहुधा चांदी समजावी. खांचाखोंचांत रोगण साचून रंग तांबूस झाला असेल, तर तीहि रोगणाचीच खूण. खऱ्या सोन्याचा रंग खांचेंत व उंचवट्यावर सारखा राहतो.

प्रश्न केवळ जपणुकीचा नाहीं. इ. स. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाच्या अमलाखालीं होतें. निर्मल व किन्नाळहि त्याच राज्यांतलीं. मेहकर तालुक्यांतील जानेफळासारख्या गांवीं असें एखादें चित्र मिळालें, तर तें दक्षिणेकडून आलें कीं इकडील जिनगरांनीं घडविलें, याचा निर्णय धातु, रोगण व लांकूड यांवरूनच होईल. रोगण धुतलें कीं अर्धा पुरावा गेला. याकरितां त्या भागांतील संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं वस्तु आहे तशी ठेवावी, ती कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत व किती पिढ्या होती हें टिपून ठेवावें, आणि ‘बेगडी’ हा शेरा मारण्यापूर्वीं एकदां भिंग लावावें.